वजन, वडापाव आणि शतपावली : माझा आठ महिन्यांचा हिशेब

मागच्या वेळी आकड्यांचा एपिसोड केला तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं, "ऐकताना आकडे निसटतात रे, लिहून टाक." म्हणून हा एपिसोड लेखी स्वरूपातही देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय वजन. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, डाएटिशियन नाही. बीटेक केलेला, हिंजवडीत खुर्चीला चिकटून कोड लिहिणारा साधा इंजिनिअर आहे. पण गेले आठ महिने मी स्वतःवरच एक प्रयोग केला. त्यात काय चाललं, काय फसलं आणि का, तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात एका रिपोर्टपासून

ऑफिसात दरवर्षी हेल्थ चेकअप असतं. त्या दिवशी नाश्ता फुकट मिळतो म्हणून आम्ही सगळे उत्साहाने जातो. यंदा माझा रिपोर्ट आला. उंची १७१ सेंटिमीटर, वजन ८४.६ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर. आणि खाली एक ओळ ठळक अक्षरात : एचबीएवनसी ६.१.

हा आकडा गेल्या दोनतीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, उंबरठ्यावर उभे. ६.५ आणि त्याच्या वर म्हणजे डायबेटीस. मी अठ्ठावीस वर्षांचा आणि उंबरठ्यावर.

दुसऱ्या कुणाला हा आकडा तितका लागला नसता कदाचित. पण माझ्या बाबांना चौदा वर्षं शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी चपलेने पायाला साधी जखम झाली, त्यांना कळलीच नाही, कारण पायाची संवेदना कमी झाली होती. शेवटी अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. तेव्हा मी पंधरा दिवस साताऱ्याला होतो, रोज ड्रेसिंग बघत होतो. त्यामुळे रिपोर्टवरचा ६.१ मला आकडा म्हणून दिसलाच नाही, बाबांचा पाय दिसला.

फोन केला, तर बाबा शांतपणे म्हणाले, "आपल्या घरात आहेच ते. तुझ्या आजोबांनाही होतं. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घ्यायचं नव्हतंच. पण "आहेच ते" म्हणून सोडूनही द्यायचं नव्हतं.

आपलं शरीर थोडं वेगळं का आहे

पहिला प्रश्न मला पडला तो हा, की मी काही फार जाडा दिसत नाही. हातपाय बारीक, फक्त पोट पुढे. मग असं का?

याचं उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'थिन-फॅट' भारतीय ही कल्पना मांडली. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा आणि उंचीची पट्टी दोघांना एकच मार्क देत होती, आणि आतली गोष्ट पूर्ण वेगळी होती.

म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या. पाश्चात्त्य तक्त्यात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. आपल्यासाठी २३ आणि २५. कंबर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. माझा बीएमआय आला २८.९. म्हणजे मी "थोडासा भरलेला" वगैरे नव्हतो, सरळ लठ्ठ गटात होतो.

एक गोष्ट मात्र आशा देणारी निघाली. २००२ साली अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे प्रीडायबेटीसवाले. ज्यांना वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ध्येय दिलं, त्यांच्यात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळी दिलेल्या गटापेक्षाही हे जास्त होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर असाच अभ्यास केला, तो २००६ साली आला. तिथे फरक २८.५ टक्के दिसला. आपल्याकडे फरक लहान, पण आहे. माझ्यासाठी ७ टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. सिक्स पॅक नाही, सलमान खान नाही. सहा किलो.

आधी फसलेले दोन प्रयोग

पहिला प्रयोग : सॅलड आणि ताक. पोळी बंद, भात बंद. सहा दिवसांत १.७ किलो कमी. मी ग्रुपवर काट्याचा फोटो टाकला. सातव्या दिवशी टीमच्या पार्टीत बिर्याणी झाली आणि तीन दिवसांत सगळं वजन परत.

हे का होतं ते नंतर समजलं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून थोडी साखर साठवून ठेवतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात अचानक बंद केला की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी तिथेच असते. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. सहा दिवसांत दीड-दोन किलो चरबी जाणं माझ्यासारख्याला शक्यच नव्हतं.

दुसरा प्रयोग : जिम. वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण 'ऑफर' होती. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी गुडघा दुखला, तेराव्या दिवशी रिलीज होती, आणि मग काही नाही. जिमची चूक नव्हती. शून्यावरून मी एकदम रोज दीड तासावर उडी मारली होती.

याच काळात व्हॉट्सॲपवर दीक्षित की दिवेकर हा वाद वाचून काढला. एक सांगतात दिवसात दोनदाच खा, दुसऱ्या सांगतात थोडं थोडं खा. दोन्हीकडे फायदा झालेले लोक भेटले. मला एवढंच कळलं, की जी पद्धत मी वर्षभर पाळू शकणार नाही ती माझ्या कामाची नाही.

मग लॉग बघितले

आमच्या कामात बग आला की कोड बदलायच्या आधी लॉग बघतात. मी तेच केलं. एक आठवडा काहीही बदललं नाही, फक्त तोंडात गेलेलं सगळं मोबाइलमध्ये लिहिलं. अगदी शेजारच्या डेस्कवरचे चार चिप्ससुद्धा. आठवड्याने यादी बघितली आणि मी ज्यांच्यावर संशय घेत होतो ते पोळी-भात निर्दोष सुटले.

खरे आरोपी हे होते :

एक, चहा. दिवसाला पाच. प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम, वीस कॅलरी. म्हणजे रोज ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. मी नुसत्या चहातच दुप्पट पित होतो.

दोन, तेल. आम्ही तिघं रूममेट, स्वयंपाकाला मावशी येतात. एक लिटरची पिशवी आठ दिवसांत संपायची. हिशेब करा : तीन माणसं, आठ दिवस, म्हणजे माणशी रोज जवळपास ४२ मिली. साधारण ३८ ग्रॅम. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे ३४० कॅलरी रोज फक्त तेलाच्या. आणि हे बाहेरचं खाणं सोडून. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पुरतं.

तीन, संध्याकाळचं फरसाण. ड्रॉवरमध्ये पाकीट असायचं. एक मूठ म्हणजे ३० ग्रॅम, दीडशे-एकशेसाठ कॅलरी. आणि एक मूठ कोण खातं?

चार, गुरुवारचा उपवास. हे मला स्वतःला पटेना. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात प्रोटीन एक टक्कासुद्धा नाही. वरून दाण्याचं कूट, तूप, बटाटा. खिचडीची ताटली संपवून पुन्हा बटाट्याचे वेफर्स. माझा उपवासाचा दिवस आठवड्यातला सगळ्यात जड दिवस निघाला! उपवास श्रद्धेने करणाऱ्यांनी जरूर करावा. फक्त त्या दिवशी वजन कमी होतंय हा गैरसमज मी सोडला. आता गुरुवारी भगर, दाण्याची आमटी आणि एखादं फळ, तेही एकदाच.

ताटाची डावी बाजू

बदल करताना मी एक नियम ठेवला. घरात न शिजणारा कुठलाही पदार्थ आणायचा नाही. किनोआ नाही, ॲव्होकाडो नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या ताटात निम्मा भाग भाज्या आणि फळांचा आहे, दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम. वाचल्यावर मला आजीचं ताट आठवलं. आपल्याकडे ताट वाढायची पद्धत आहेच की : डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, उसळ, समोर पोळी आणि भात. पद्धत तीच राहिली, प्रमाण बिघडलं. कोशिंबीर चमचाभर उरली, उजवीकडची भाजी बटाट्याची झाली आणि पोळ्या पाच झाल्या.

मी डावी बाजू मोठी केली. काकडी, गाजर, मुळा, बीट, जे स्वस्त मिळेल त्याची वाडगाभर कोशिंबीर, आणि जेवताना आधी ती संपवायची. पोळ्या पाचवरून तीन. भात बंद नाही, एक वाटी.

आणि प्रोटीन. मला वाटायचं, रोज वरण खातो म्हणजे प्रोटीन होतंय. एक वाटी पातळ वरणात वीसेक ग्रॅम डाळ असते, म्हणजे चार-पाच ग्रॅम प्रोटीन. आयसीएमआरच्या मते किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे माझ्यासारख्याला साठेक ग्रॅम. नुसत्या वरणाने ते व्हायला बारा-तेरा वाट्या प्याव्या लागल्या असत्या! म्हणून सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), दुपारी घट्ट मटकी, मूग किंवा हरभऱ्याची उसळ, रात्री पिठलं किंवा पनीर, आणि एक वाडगा दही. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पोट भरलेलं राहतं. संध्याकाळी सहाला ड्रॉवर उघडायची इच्छाच कमी झाली. तरी भूक लागली तर मूठभर फुटाणे.

तेलासाठी मावशींशी वाटाघाटी कराव्या लागल्या. मी म्हटलं, "मावशी, तेल जरा कमी घाला ना."

मावशी म्हणाल्या, "दादा, तर्री दिसली न्हाई तर भाजी खाल्ल्यासारखी वाटंल का? उद्या म्हणाल मावशींना स्वयंपाक येत न्हाई."

त्यांचंही बरोबर होतं. मग आम्ही पिशवीवर तारीख लिहायला लागलो. ठरलं असं, की पिशवी बारा दिवस पुरवायची, कशी ते मावशींनी ठरवायचं. त्यांनी फोडणी पळीऐवजी चमच्याने घालायला सुरुवात केली आणि वांगी तळायच्या ऐवजी झाकण ठेवून वाफवायला लागल्या. बारा दिवसांवर माणशी रोज २५ ग्रॅम होतं. चवीत फरक? पहिले आठ दिवस जाणवला, नंतर नाही.

चहा पाचचे दोन केले, साखर एक चमचा. हे सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू? कारण टपरीवर आपण चहासाठी जात नाही, गप्पांसाठी जातो. आता जातो, पण तिसऱ्या वेळी हातात काही नसतं.

चहाचे १६०, तेलाचे शंभर-सव्वाशे, फरसाणाचे शंभर. रोजच्या साडेतीनशे कॅलरी अशा निघाल्या आणि उपाशी एक दिवसही राहिलो नाही.

व्यायामाकडून काय अपेक्षा ठेवायची

इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. ८० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे टेकडीवरून उतरून पायथ्याशी वडापाव खाल्ला, तर हिशेब उलटा. "आज चाललोय, चालतंय की" हे वाक्य फार महाग पडतं.

मग व्यायाम कशाला? कारण त्याचं काम फक्त कॅलरी जाळणं नाही. रक्तातली साखर वापरतात कोण, तर मुख्यतः स्नायू. चालताना ते साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनही कमी लागतं. वजन कमी होताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. आणि कमी झालेलं वजन परत येऊ द्यायचं नसेल तर व्यायामाचा आधार मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंचा. ते दहा हजार पावलांचं काय? तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलाय. यंत्राचं नावच होतं 'दहा हजार पावलांचं मीटर'. त्यामुळे सात हजार झाली म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका.

माझं गणित असं बसलं. सकाळी वीस मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस सूर्यनमस्कार आणि बैठका. सूर्यनमस्काराचं मला जरा जास्त प्रेम, कारण त्याचा गावोगाव प्रसार करणारे औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आमच्याच सातारा जिल्ह्यातले. पहिल्या आठवड्यात पाच सूर्यनमस्कारांत दम लागला होता. आता चोवीस होतात. रविवारी बाणेरची टेकडी.

आणि सगळ्यात उपयोगी पडली ती शतपावली. जेवल्यानंतर साखर वर चढते, नेमकं त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटं चाललं तर ती तितकी चढत नाही. आजीला इन्सुलिन माहीत नव्हतं, पण जेवून लगेच लोळलेलं तिला चालायचं नाही. रात्री साडेनऊला जेवतो आणि अमेरिकेचा कॉल दहाला असतो. तो कॉल मी पार्किंगमध्ये चालत घेतो. माझी बोलायची वेळ येईपर्यंत पंधरा मिनिटं सहज होतात.

काट्याशी भांडायचं नाही

मी रोज सकाळी वजन करतो, पण रोजचा आकडा बघून काही ठरवत नाही. खारट खाल्लं, झोप कमी झाली, पोट साफ नाही, काहीही कारणाने किलोभर इकडेतिकडे होतं. मी सात दिवसांची सरासरी काढतो आणि ती मागच्या आठवड्याशी ताडून बघतो. रोजचं मोजमाप ज्यांच्या डोक्याला त्रास देतं त्यांनी महिन्यातून दोनदा कंबर मोजावी, तेही पुरे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाच आठवडे काटा हललाच नाही. हे होणारच होतं. शरीर हलकं झालं की त्याला कमी इंधन लागतं, शिवाय माझ्या हातून मुठी पुन्हा मोठ्या व्हायला लागल्या होत्या. परत एक आठवडा सगळं लिहून काढलं, फुटाण्यांची मूठ दोन मुठी झालेली सापडली. दिवाळीत १.३ किलो वाढलं. चकली आईने केली होती, नाही म्हणणार नव्हतोच. भाऊबीज झाली की ताट परत नेहमीचं, एवढंच पाळलं.

आठ महिन्यांनंतर : वजन ७६.२, म्हणजे ८.४ किलो कमी. कंबर ९२. एचबीएवनसी ५.६. बीएमआय अजून २६ आहे, म्हणजे काम संपलेलं नाही.

एक सूचना महत्त्वाची. तुम्ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. थायरॉइड, पीसीओएस, गरोदरपण असेल तरी तेच. आणि घरात कुणाचं वजन जास्त असेल तर "लग्नाआधी कमी कर हं" असले टोमणे मारू नका. माझं एक ग्रॅमही त्यामुळे कमी झालं नव्हतं, उलट मी चोरून खायला लागलो होतो.

शेवटचं

नवा रिपोर्ट घेऊन मी साताऱ्याला गेलो. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. रात्री जेवण झालं, मी सवयीने अंगणात फेऱ्या मारायला लागलो, तर मागून आवाज आला, "थांब रे जरा."

बाबा डॉक्टरांनी सांगितलेल्या त्यांच्या खास बुटात पाय घालत होते. रात्री अनवाणी किंवा चपलेत चालायचं नाही, हे त्यांनी बोट गेल्यापासून पक्कं पाळलंय. मग आम्ही दोघं चाललो. ते हळू, मी त्यांच्या वेगाने. दहा मिनिटांनी म्हणाले, "मी चौदा वर्षांपूर्वी केलं असतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, "बाबा, उद्या तुम्हीच मला हाक मारा."

आता रोज रात्री पावणेदहाला फोन येतो, "निघालास का?" ते तिकडे अंगणात, मी इकडे पार्किंगमध्ये. तुम्हीही आज जेवल्यावर पुढचा एपिसोड लावा आणि चालत ऐका. भेटूया पुढच्या आठवड्यात!